दोन साडू, दोन स्कॅनर

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्याच्याविषयी जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटेलच असं नाही. तो विम्याची कामं करतो, कडक इस्त्रीचे शर्ट घालतो आणि काहीही घ्यायचं झालं की दुकानातली सगळ्यात महाग वस्तू घेतो. आमच्या घरी त्याला तोंडावर जावईबापू आणि पाठीमागे विमावाले म्हणतात. पण ही हकिकत त्याची नाही, माझ्या नवऱ्याची आहे. तो बिचारा स्वतःविषयी दोन वाक्यं सलग बोलत नाही, म्हणून मला लिहावं लागतंय.

आमचे हे चष्म्याच्या दुकानात कारागीर आहेत. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमा मांडलेल्या, तिथे मालक बसतो. मागे एक अरुंद खोली, तिथे भिंगं घासायचं यंत्र, त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार, आणि हे. गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये बसेल अशी भिंगाची कड घासायची, हे काम ते लग्नाच्या आधीपासून करतात. त्या कामाने त्यांना एक खोड लावली आहे. हातात चष्मा आला की आधी पुसायचा, मग बघायचा. पाहुण्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला, की बोलता बोलता हे तो उचलतात, खिशातल्या फडक्याने पुसतात आणि परत ठेवतात. माझ्या मावशीला पहिल्यांदा वाटलं, नवा जावई चष्मा लांबवतोय. मी पोस्टात खिडकीवर बसते, दिवसभर तऱ्हेतऱ्हेची माणसं बघते, पण असला नमुना दुसरा पाहिला नाही.

आमच्याकडे स्कूटर आहे. गाडी आहे ती माझ्या बाबांची. निळी, छोटी, आता जुनी म्हणावी अशी. बाबा वजनमापे खात्यात तपासनीस होते. हयातभर दुकानादुकानांत जाऊन खोटी वजनं पकडली, आणि ती सवय इतकी अंगात मुरली की घरातली माणसंसुद्धा ते तोलूनच घेतात. त्यांना मुलगा नाही. आम्ही दोघी बहिणी आणि आमचे दोघींचे नवरे. तोलायला दोन पारडी लागतात, ती त्यांना घरबसल्या मिळाली.

दर रविवारी सकाळी आम्ही बाबांकडे जायचो. चहा झाला की हे अंगणात उतरायचे, बाह्या सारायचे आणि निळ्या गाडीचं बॉनेट उघडायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. दुकानातून आणलेल्या चष्म्यांच्या ट्रेमध्ये बोल्ट ओळीने मांडायचे, काढले त्याच क्रमाने. बाबा खुर्ची टाकून बसायचे आणि मधूनमधून ‘हं’ म्हणायचे. बाबांकडून ‘हं’ मिळणं म्हणजे दुसऱ्या कुणाकडून शाल मिळण्यासारखं. सासऱ्याची गाडी ही ह्यांची एकुलती एक मिरवायची जागा होती, आणि खोटं कशाला बोलू, माझीही.

धाकटी आणि तिचा नवरा दुपारी उगवायचे. गाडी नवी, तिचा वास नवा, धाकटीच्या खांद्यावरची पर्स नवी. विमावाले खाली उतरून ह्यांच्याकडे बघून म्हणायचे, “साडूभाऊ, हात काळे करायची हौस दांडगी बुवा तुम्हाला.” आम्ही दोघं हसायचो. मग घरी परतताना स्कूटरवर आमची मैफल सुरू व्हायची. एरवी तोंडाला कुलूप असलेले हे, पण त्या रस्त्याला लागले की त्यांना कंठ फुटायचा. विमावाल्यांनी पाण्याखाली चालणारं घड्याळ घेतलं, तेव्हा ह्यांनी मला वळणावर विचारलं होतं, की हा माणूस अंघोळीशिवाय पाण्यात उतरलाय कधी? मी मागे बसून हसून हसून बेजार. धाकटीचा पडद्यांचा रंग, तिच्या नवऱ्याचे बूट, त्यांच्या फ्रिजला असलेली बर्फाची तोटी, काही म्हणून सुटायचं नाही. आमच्या संसारातल्या सगळ्यात गोड गप्पा त्या रस्त्यावर झाल्या आहेत.

गेल्या वर्षी बाबांनी जाहीर केलं, की आता गाडी चालवणं पुरे. नजर साथ देत नाही. आईला घेऊन डोंगरापलीकडे मावशीकडे एकदा जाऊन यायचं, मग किल्ली खाली ठेवायची. गाडी कुणाला, हे मात्र सांगितलं नाही. जो नीट सांभाळेल त्याच्याकडे जाईल, एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता यात सांगायचं राहिलं काय? एवढ्यात माझं लक्ष धाकटीकडे गेलं. ती आईला विचारत होती, की चालवायला शिकण्यासाठी निळी गाडी बरी पडेल ना? स्वतःची गाडी दारात असताना हिला माझ्या नवऱ्याच्या हातची गाडी हवी. लहानपणी माझी बाहुलीसुद्धा तिला अशीच हवी असायची, आणि मिळायचीही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नेमका त्यानंतर गाडीचा पिवळा दिवा लागला. डॅशबोर्डवर इंजिनाचं छोटं चित्र असतं ना, तो. गाडी मधूनच मिसिंग करायला लागली, म्हणजे चालता चालता अडखळायची, जशी माणसाला उचकी लागते. हे कान लावून बसले. प्लग काढून साफ केले, हवेचा फिल्टर बदलला, परत कान लावला. हे तपासायला घेत तेव्हा उचकी गायब, बाबा चालवायला घेत तेव्हा हजर. दिवा काही विझेना. अशात एका रविवारी विमावाल्यांनी आपल्या गाडीतून एक काळी पेटी काढली. आत पाटीएवढा स्कॅनर, रंगीत पडदा, जाड वायर. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात त्यांनी ती वायर खोचली, बोटाने पडद्यावर दोनदा टिचकी मारली आणि पडदा बाबांपुढे धरला. तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, असं तिथे चक्क लिहिलेलं होतं. बाबांनी चष्मा सारखा करून ते दोनदा वाचलं. मग विमावाले गाडी घेऊन ओळखीच्या गॅरेजात गेले, त्या सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइल नवी टाकून आले आणि दिवा विझवून दाखवला. बाबा आईला म्हणाले, “बघ. एका मिनिटात.”

हे तेव्हा ट्रेमधलं सामान गोळा करत होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि खाली बसून बोल्ट उचलू लागले. त्या दिवशी स्कूटरवर मैफल जमली नाही. सिग्नलला पाय टेकवून हे म्हणाले, की आपणही एक स्कॅनर घेऊ. मी म्हटलं, घ्यायचा तर त्याच्याहून मोठा घ्या.

मग सुरू झाली निवडानिवड. लग्नासाठी मुलगी बघतानासुद्धा ह्यांनी एवढी चौकशी केली नसेल, मी साक्षीला आहे. बस थांब्याच्या मागे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानदार जाडजूड, बोलघेवडा, आणि त्याच्या नाकावरचा चष्मा ह्यांच्या हातचा, त्यामुळे तो आम्हाला टोपी घालणार नाही अशी ह्यांची खात्री. त्याने काउंटरवर एकेक मांडायला सुरुवात केली. पहिला काडेपेटीएवढा, बिनवायरचा. सॉकेटात खोचायचा आणि सगळं मोबाइलवर बघायचं. किंमत ऐकून मी लगेच पर्स उघडली. ह्यांनी माझा हात धरला. बघायला ॲप लागतं, कामाच्या गोष्टी दाखवायला ते ॲप दर वर्षी वेगळे पैसे मागतं, आणि आमचा मोबाइल तर साधा फोन आला तरी तापतो. शिवाय या काडेपेट्यांत नकली माल फार, दुकानदारच म्हणाला. काही नुसता दिवा लुकलुकवतात, गाडीशी एक अक्षर बोलत नाहीत.

दुसरा मुठीत मावेल असा, वायरवाला, छोट्या काळ्या-पांढऱ्या पडद्याचा. त्याला मोबाइल नको, बॅटरी नको, वीज गाडीतूनच घेतो. इंजिनाचे कोड, म्हणजे बिघाडाचे आकडे, वाचतो. बिघाड झाला त्या क्षणी इंजिन किती जोरात फिरत होतं, किती तापलेलं होतं, तेही साठवलेलं असतं, ते दाखवतो. आणि कोड पुसतो. बाकी ब्रेक, एअरबॅग वगैरे त्याच्या गावी नाही. तिसरा विमावाल्यांकडे होता तसा. आणि चौथा, अहाहा, चौथा तिसऱ्याहूनही मोठा, त्याला चामडी मूठ होती. माझी नजर चौथ्यावरून हलेना. ह्यांना म्हटलं, हा. हे शांतपणे म्हणाले, बाबांच्या गाडीला एअरबॅगच नाहीत, नसलेल्या एअरबॅगची तब्येत विचारायला एवढे पैसे कशाला घालवायचे?

ह्यांचे प्रश्न भलतेच होते. नुसता आकडा दाखवतो की अर्थही लिहितो? गाडी अमुक साली बनली, तिच्याशी जुळेल का? बॉनेटखालच्या पट्टीवरून ते साल त्यांनी आधीच उतरवून आणलं होतं. अक्षरं केवढी दिसतात, ते तर त्यांनी तीन वेगवेगळ्या अंतरांवरून बघितलं, धंद्याची सवय. शेवटी म्हणाले, चालवून दाखवा. दुकानदाराने माल पोचवायची व्हॅन मागच्या दाराशी आणली, एका सेन्सरची पिन मुद्दाम सैल केली, दिवा लागला, आणि त्याने दुसरा स्कॅनर खोचून पटापट बटणं दाबली. पडद्यावर त्याच सेन्सरचं नाव आलं. हे एवढे खूश झाले की त्यांनी दुकानदाराचा चष्मा उतरवून पुसून दिला.

तर आम्ही दुसरा घेतला. मला तो हातात घेऊन कसंसंच झालं. साबणाच्या वडीसारखा दिसत होता. ह्यांनी मात्र त्याच्याबरोबरची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि एक वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं, की कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते सांगत नाही. “म्हणजे कॉइल उगाच बदलली असेल,” ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. ते हसू बघून मला स्कॅनरचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

आणि देवाने ऐकलं. बाबांचा मला पोस्टात फोन आला. खिडकीपुढे ही रांग, तरी मी घेतला. दिवा परत लागला होता. नवी कॉइल टाकूनही लागला होता. मला झालेला आनंद मी समोरच्या बाईच्या पाकिटावर शिक्के मारून साजरा केला, दोन जास्तच मारले. पण पुढचं वाक्य नाकाला मिरच्या झोंबवणारं होतं. “धाकट्या जावयांना लावला होता फोन, ते बाहेरगावी आहेत. तुझा नवरा मोकळा आहे का?” म्हणजे आम्ही उरलेसुरले. तरी मी गोड आवाजात म्हटलं, येतो.

संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा बाबा गाडीच्या शेजारीच उभे होते. ते ह्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते, आई दारात, मी गाडीच्या पलीकडच्या खिडकीशी. ह्यांनी वायर खोचली. चावी फिरवली. पडदा उजळला. मला तिथून दिसत होतं ते एवढंच, की ह्यांचा अंगठा हलला, एकदा, मग परत एकदा, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला. बाबांनी गाडी सुरू करायला लावली. दिवा नाही. एक चक्कर मारून आणली. उचकी नाही. बाबा गाडीतून उतरले, ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हं.” मग, जन्मात पहिल्यांदा, त्याच्या पुढेही बोलले. “मावशीकडून परत आलो की किल्ली तुमची.”

मी मनातल्या मनात धाकटीला फोनसुद्धा लावून टाकला. स्कूटरवर बसल्या बसल्या मी सुरुवात केली, की आता विमावाल्यांनी ती पाटी भिंतीला टांगावी, पाढे लिहायला. हे हसले नाहीत. घरी येऊन हात धुतले, पुसले, परत धुतले. मग मला म्हणाले, “मी वाचलंच नाही गं.”

मला कळेना, काय वाचलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. पडद्यावर दोन ओळी आल्या होत्या, वर ‘वाचा’, खाली ‘पुसा’. बाबा मानेशी उभे, त्यांचा श्वास कानावर. हात आपोआप खाली गेला. काच हातात आली की आधी पुसायची, तसा. यंत्राने विचारलं, नक्की पुसू का, आणि ह्यांनी त्यालाही होकार दिला. कोड गेला, त्याच्याबरोबर त्या क्षणाची साठवलेली सगळी माहितीही गेली. दिवा विझला होता तो फक्त आठवण पुसली म्हणून. बिघाड होता तिथेच होता, आणि तो आधीचाच की दुसरा, हे आता कळायला मार्ग नव्हता, गाडी पुन्हा अडखळेपर्यंत.

“मग बाबांना तिथेच का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगणारच होतो. तेवढ्यात ते किल्लीचं बोलले.”

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की आता मूग गिळून गप्प बसा. दिवा गेला ना, गाडी चालते ना, मग झालं. तुम्ही तोंड उघडलंत की ती गाडी धाकटीच्या फाटकात जाईल, ती शिकायला म्हणून चालवेल, आणि माझ्या घरावरून जाताना हॉर्न वाजवेल. हे म्हणाले, घाटात चढावर गाडीने मान टाकली तर? आई-बाबा असतील आत. मी म्हटलं, काही होत नाही, त्याच गाडीने तो घाट किती वेळा चढलाय. मला खरंच तसं वाटत होतं. आणि ज्याच्या पारड्यात आयुष्यात कधी काही पडलं नाही, त्याच्या पारड्यात पहिल्यांदा काही पडलं असताना मीच ते उचलून बहिणीच्या पारड्यात टाकू? एवढी मी थोर नाही.

तर हे गप्प बसले. माझ्यासाठी बसले म्हणा, किल्लीसाठी बसले म्हणा. माझ्याइतकाच त्यांच्याही पोटात तो साडू सलत होता. पण गप्प बसणं ज्यांचा स्वभाव आहे अशा माणसालाही हे गप्प बसणं झेपेना. जेवताना घास हातात तसाच राहायचा. दुकानात त्यांनी डावं भिंग उजवीकडे बसवलं, मालकाने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द ऐकवला. मधेच एका संध्याकाळी कामावरून परस्पर बाबांकडे जाऊन, इंजिनाला कान लावून आले. बाबांनी विचारलं, आता काय? हे म्हणाले, असंच. गाडी त्या दिवशीही शहाण्या मुलीसारखी चालली.

आई-बाबा निघणार त्याच्या आदल्या दुपारी आम्ही निरोप द्यायला गेलो. फाटकाशी विमावाल्यांची चकचकीत गाडी. माझं डोकं सणकलं. म्हटलं, आलेच का हे नाक खुपसायला, पेटी घेऊन. मी ह्यांना म्हणाले, तुम्ही अजिबात काही बोलू नका, मी बघते याच्याकडे.

हे स्कूटर स्टँडला लावत म्हणाले, “मीच बोलावलंय त्यांना. तू आत जा.”

मी आत गेले नाही. विमावाले कामावरून तसेच आले होते, गळ्यात ओळखपत्र, हातात काळी पेटी. धाकटी पायरीवर. बाबा खुर्चीत. हे बाबांसमोर जाऊन उभे राहिले आणि एका दमात बोलले, की त्या दिवशी मी कोड वाचला नाही, चुकून पुसला, दिवा माझ्या कर्तबगारीने गेलेला नाही, गाडी दुरुस्त झालेली नाही. धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. कीव करण्याऐवजी ती चार शब्द लागट बोलली असती तरी परवडलं असतं.

विमावाले एकदम कामाला लागले, आणि हे मला आजही खटकतं, की त्यांनी टोमणा मारला नाही. त्यांनी पेटी उघडली, पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, की माझ्या पडद्यावर चालू इंजिनाचं मिसिंग मोजता येतं, पण आत काय हलवायचं ते मला कळत नाही साडूभाऊ, ते तुम्ही करा. गाडी सुरू झाली. विमावाले पडद्यावर डोळे लावून ‘शून्य, शून्य’ म्हणत राहिले. हे बॉनेटखाली वाकून एकेक वायर बोटांनी हलवत गेले. कॉइलकडे जाणारी वायर एका पत्र्याच्या कडेवरून वळली होती, तिथे ह्यांचा हात पोचला आणि विमावाले ओरडले, “थांबा, वाढलं!” ह्यांनी वायर सोडली, आकडा थांबला. दाबली, आकडा पळाला. पत्र्याच्या कडेने वायरचं आवरण आतून घासून गेलं होतं, वरून दिसतही नव्हतं. इंजिन गदगदलं की तार पत्र्याला टेकायची. कॉइल पहिल्यापासून चांगली होती. विमावाले ते स्वतःच म्हणाले आणि कपाळावर हात मारून हसले. हेही हसले. दोघांनी मिळून वायर सोडवली, गुंडाळली, दुसऱ्या बाजूने बांधली. विमावाल्यांच्या इस्त्रीच्या बाहीला काळा पट्टा उमटला आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मग बाबा उठले. मला वाटलं, खरं बोलला म्हणून आता तरी जावयाच्या पाठीवर हात ठेवतील. ते ह्यांना म्हणाले, “चूक झाली ती मी विसरेन. इतके दिवस गप्प बसलात, ते विसरणार नाही.” आणि धाकटीकडे वळून म्हणाले, “परत आलो की गाडी तू घेऊन जा.”

मला बाबांचा इतका राग आला होता की आईने पुढे केलेला चहा मी तसाच ठेवला. वजनं पकडणाऱ्याने कधी स्वतःचा काटा तपासला आहे का, असं विचारायचं ओठावर आलं होतं. गप्प बसायला लावणारी मी होते, हे बाबांना माहीत नव्हतं, आणि ह्यांनी ते सांगितलं नाही. त्याचाही मला राग आला. घरी जाताना मी स्कूटरवर बाबांपासून धाकटीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. हे नुसते स्कूटर चालवत होते, आणि शीळ घालत होते. शीळ. मी त्यांची शीळ त्याआधी ऐकली नव्हती.

आई-बाबा घाट चढून सुखरूप जाऊन आले. निळी गाडी धाकटीच्या फाटकात गेली. धाकटी ती शिकली, मी म्हटलं होतं तसा माझ्या घरावरून जाताना हॉर्नही वाजवते, आणि मला दिसते तेव्हा हात करते. यातलं काहीही मी तिला माफ केलेलं नाही. पण मला ज्याची सवय नव्हती ते पुढेच आहे. विमावाले आता रविवारी सकाळी निळी गाडी आमच्या दारात घेऊन येतात. जुना टी-शर्ट घालून येतात. म्हणतात, साडूभाऊंचा हात फिरल्याशिवाय धाकटी गाडीत बसत नाही. मग दोघं बॉनेटखाली डोकी घालतात. एकाच्या हातात पडदा, दुसऱ्याचा हात इंजिनात. आमचा साबणाच्या वडीएवढा स्कॅनर बहुतेक वेळ पुरतो, तो पुरला नाही तर काळी पेटी निघते. आधी वाचा, मग पुसा, असं विमावाले दर वेळी ओरडतात आणि दोघं शाळकरी पोरांसारखे खिदळतात. मी दोनदा चहा नेते, दोनदा तो गार होतो.

मागच्या रविवारी ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, पाहिलंत का, धाकटीने गाडीच्या सीटांना मखमली कव्हरं घातलीत, जांभळी. मी थांबले. इथे ह्यांचा टोला यायला हवा होता. हे हातावरचं ग्रीस पुसत म्हणाले, “असू दे गं. चांगली माणसं आहेत ती.” आणि हात धुवायला आत गेले. इतकी वर्षं आम्ही दोघं मिळून त्यांच्यावर जळत होतो. आता मला एकटीलाच जळावं लागतंय.